डेंटचे १४ फोटो काढले, रस्त्याचा एकही नाही. आता काय करता येईल?

ओलीवाट (रविवार, रात्री)

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज स्वतःवरच वेळ आली म्हणून धागा काढतेय.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत एकटीच होते. चौकात मला हिरवा मिळाला, मी निघाले आणि आडव्या रस्त्यावरून एक गाडी आली ती थेट माझ्या पुढच्या कोपऱ्यावर. हेडलाइट फुटला, बंपर लोंबला, एअरबॅग उघडली नाही. मान आणि खांदा दुखतोय, बाकी ठीक. समोरचा माणूस खाली उतरून पहिलं वाक्य बोलला ते "सॉरी, माझं लक्षच नव्हतं". मीही म्हटलं असू दे, कुणाला लागलं नाही ना. पोलिसांनी नोंद घेतली, नंबर दिले-घेतले, दहा मिनिटांत गाड्या बाजूला.

काल त्याचा मेसेज. म्हणे तुम्ही लाल सिग्नल तोडलात, वर तुमचे लाइटही बंद होते, खर्च तुम्ही द्या. मी घाईघाईने मोबाइल उघडला तर १४ च्या १४ फोटो माझ्या डेंटचे. लांबून डेंट, जवळून डेंट, एकात तर माझ्याच बोटाची सावली. सिग्नल नाही, त्याची गाडी नाही, रस्ता नाही. डॅशकॅम आहे पण त्याला मी अजून हातही लावलेला नाही. गाडी गॅरेजात आहे, उद्या सकाळी काम सुरू करणार म्हणालेत. कुठून सुरू करू?

गिअरबदल

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी गॅरेजवाल्याला फोन करा. झोपला असेल तर मेसेज टाका, की विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) बघून जाईपर्यंत गाडीला पान्हासुद्धा लावायचा नाही आणि काढलेला एकही पार्ट भंगारात टाकायचा नाही. मी वीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, गॅरेजवाला वाईट नसतो, त्याला जागा मोकळी करायची असते एवढंच. फुटका बंपर त्याच्या दृष्टीने कचरा असतो. पण त्या बंपरवर समोरच्या गाडीचा रंग लागलेला असतो, कुठल्या उंचीवर लागलाय आणि ओरखडे कुठल्या दिशेने ओढले गेलेत यावरून कोण कुठून आलं ते कळतं.

आणि फुटलेल्या हेडलाइटबद्दल महत्त्वाचं. तुमच्या गाडीत एलईडी आहेत की जुने तारेचे बल्ब? तारेचे असतील तर स्विच चालू करून बघू नका आणि कुणाला बघू देऊ नका. लाइट चालू असताना धक्का बसला तर आतली तार तापून मऊ झालेली असते, ती तुटण्याआधी ताणली जाते, वेडीवाकडी लांबते. बंद असेल तर थंड तार कडक असते, ती तशी लांबत नाही, तुटली तर कट्टकन तुटते. काच फुटून गरम तारेला हवा लागली की ती जळते, पांढरी-पिवळी भुकटी धरते, थंड तार मात्र चकचकीत राहते. आता कुणी "चालतोय का बघू" म्हणून करंट दिला की थंड तारही गरम होऊन जळणार. मग सांगायचं काय? शक्यतो अख्खा दिवा तसाच काढून पिशवीत ठेवा. एलईडी असेल तर हे सगळं विसरा, त्यात तार नसते.

टिकटिक

डॅशकॅमचं मी सांगतो, घरात चार आहेत (बायको म्हणते पाचवा तुझ्या डोक्यावर लाव).

हे कॅमेरे एक ते पाच मिनिटांचे तुकडे करून लिहितात आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्यावर नवीन लिहितात. धक्का बसला की आतला सेन्सर तो तुकडा लॉक करतो, पण तुमच्यासारख्या कोपऱ्यावरच्या धडकेत तो जागा होईलच असं नाही, सेटिंग मंद ठेवलेलं असेल तर नाहीच. गाडी चौकातून गॅरेजपर्यंत चालवत नेली असेल तर तेवढा वेळ कॅमेरा लिहीतच होता. आता गॅरेजवाल्याने गाडी मागेपुढे केली की पुन्हा चालू. पार्किंग मोड असेल तर बंद गाडीतही चालू. म्हणून सकाळी सगळ्यात आधी कार्ड बाहेर काढायचं, आणि कॅमेरा बंद करून काढायचं, चालू असताना उपटायचं नाही.

कार्डाच्या कडेला लॉकची कळ असेल (अॅडॅप्टरला असते) तर ती लावा, मग कॉम्प्युटरला जोडून सगळं कार्ड कॉपी करा, फक्त तो एक तुकडा नको, मागचे-पुढचेही घ्या. नंतर मूळ कार्ड पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सही, आणि ते कपाटात. त्याला परत कॅमेऱ्यात घालायचं नाही, नवीन आणा. नेमका धडकेचा तुकडा उघडत नसेल तर घाबरू नका आणि "फॉर्मॅट करू का" असं कॉम्प्युटर विचारतो त्याला हो म्हणू नका. एमपी४ फाइलीत सूची बऱ्याचदा शेवटी लिहिली जाते, मध्येच वीज गेली की सूची राहून जाते आणि फाइल खराब दिसते. चित्र आत असतं, जाणकार माणूस ते काढून देतो. कार्डावर नवीन काही लिहिलं गेलं तर मात्र संपलं.

रोखठोक

एवढं खुनाचं प्रकरण आहे का हे? दोघांचे विमे आहेत, विमेवाले बघून घेतील. आम्ही पण ठोकल्यात गाड्या, कधी कपाटात पाकिटं ठेवली नाहीत.

टिकटिक

@रोखठोक, विमेवाले बघतात म्हणजे काय बघतात? तुम्ही दिलेलंच बघतात ना. तो म्हणतो हिरवा मला, ही म्हणते हिरवा मला. निम्मं-निम्मं करून मोकळे होतील. तुमचं चाललं असेल कारण समोरच्याने कबूल केलं असेल.

जुनीवही

ओलीवाट, आधी तब्येत सांभाळ गं. आणि एक काम आज झोपायच्या आधी कर, ज्याला कॅमेरा लागत नाही. वही घे आणि शुक्रवारी काय झालं ते सुरुवातीपासून लिहून काढ. कुठून निघालीस, कितव्या गिअरमध्ये होतीस, पुढे गाडी होती का, सिग्नल हिरवा होताना पाहिलास की आधीच हिरवा होता, तो उतरल्यावर नेमके कुठले शब्द बोलला. त्याचं वाक्य तू वर लिहिलंयस ते तसंच्या तसं, "त्याने चूक मान्य केली" असं सारांशाने नको. तारीख-वेळ टाक. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिही, रिकाम्या जागा भरू नकोस.

मी मानसशास्त्र शिकवायचे म्हणून हट्टाने सांगतेय. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आमच्याकडे दर वर्षी शिकवायचो. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्न तोच, फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर "आदळून चक्काचूर" झाल्या तेव्हा वेग किती, असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला, नुसता "स्पर्श" झाला तेव्हा, असं विचारलेल्यांनी ३२ च्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती, तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या शब्दवाल्या ५० पैकी ७.

म्हणून साक्षीदार सापडला तर त्याला "तो लाल तोडून आला ना हो?" असं विचारायचं नाही. "तुम्ही कुठे उभे होतात, काय पाहिलंत" एवढंच, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड असतं, मला वर्गातही जमायचं नाही. दोन साक्षीदार असतील तर त्यांना एकमेकांसमोर बोलू देऊ नकोस, दुसरा पहिल्याची गोष्ट उचलतो आणि त्यालाही ते कळत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून कर, याबाबत सगळीकडचा कायदा सारखा नसतो.

कुंपण

सगळे सल्ले छान आहेत पण हा धागा सगळ्यांना दिसतोय हे कुणाच्या लक्षात आलंय का? "मीही म्हटलं असू दे, कुणाला लागलं नाही ना" हे वाक्य उद्या समोरचा वकील छापून आणेल, बघा यांनीच लिहिलंय लागलं नाही म्हणून. आधीचं पुसायला जाऊ नका, ते आणखी वाईट दिसतं. पण इथून पुढे चौक कुठला, तो माणूस कोण, तुमची तब्येत, यातलं काही लिहू नका. बाकी सोशल मीडियावरही नको. मान दुखतेय म्हणून दावा आणि त्याच आठवड्यात नाचतानाचा फोटो, असं होतं.

ओलीवाट (सोमवार, दुपार)

सगळ्यांचे खूप आभार. कुंपण, धस्स झालं वाचून, लक्षात ठेवते. गॅरेजला पहाटेच मेसेज केला होता तरी सकाळी पोचले तेव्हा पोरगा बंपर काढायला बसलेलाच होता, दोन स्क्रू निघाले होते. थांबवला. बल्ब तारेचेच आहेत!! स्विचवर कागद चिकटवला, "हात लावू नये". गॅरेजवाले काका हसले पण दिवा काढून कागदी पिशवीत घालून दिला, आणि काढतानाचा व्हिडिओ मी घेतला.

कार्ड काढलं. १२८ जीबीचं आहे म्हणून शुक्रवारचं सगळं शाबूत. पण खरी पंचाईत पुढे आहे, धडक दिसते, सिग्नल दिसतच नाही. सूर्य समोर होता, वरचा भाग नुसता पांढरा. तीन वेळा बघितलं, रडायची बाकी राहिले.

सरळरेषा

रडू नका, सिग्नल सोडून बाकीचं बघा. आडव्या रस्त्यावर इतर गाड्या उभ्या आहेत का? त्या रेषेमागे थांबलेल्या असतील तर त्यांना लाल होता. पायी चालणारे कुठल्या बाजूने रस्ता ओलांडतायत? तुमच्या पुढची गाडी कधी हलली? एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, नुसतं प्ले करून नाही.

आता रस्त्याचं. चार दिवसांत बरंच गेलं असेल पण तरी जा. दिवसाढवळ्या, कुणाला तरी सोबत घेऊन, आणि फुटपाथवरून, फोटोसाठी रस्त्यात उभं राहून दुसरा अपघात नको. आधी लांबून, अख्खा चौक येईल असा, मग मधून, मग जवळून, म्हणजे जवळचा फोटो कुठला आहे ते मागच्यावरून ओळखता येतं. जवळच्यात मापाला काहीतरी ठेवा, पट्टी, पेन, नाणं काहीही. तुम्ही ज्या वेळी आलात त्याच वेळी एकदा जाऊन त्याच्या बाजूने काय दिसतं तेही टिपा, मधे झाड आहे का, बोर्ड आहे का. सिग्नलचं चक्र घड्याळ लावून मोजा, किती सेकंद हिरवा, पिवळा किती, मधे सगळीकडे लाल असतो तो किती.

टायरचे डाग मिळाले तर सोनं. घसरत थांबलेल्या गाडीचा वेग डागाच्या लांबीवरून काढतात, वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले घर्षण गुणिले ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले लांबी मीटरमध्ये. वेग सेकंदाला मीटरमध्ये येतो, ३.६ ने गुणला की ताशी किमी. कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरा, डाग २० मीटर, तर ताशी जवळजवळ ६० किमी येतात. तोच २० मीटरचा डाग ओल्या रस्त्यावर असेल आणि घर्षण ०.४ धरलं तर ४५ च. म्हणून रस्ता ओला होता का कोरडा ही एक ओळ तुमच्या वहीत हवीच. मात्र एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांचे डाग फिकट, तुटक असतात किंवा उठतच नाहीत, त्यामुळे डाग नाही म्हणजे ब्रेक मारला नाही असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

गिअरबदल

यात भर. नव्या गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये ईडीआर (धडकेची नोंद ठेवणारा भाग) असतो, धडकेआधीच्या साधारण ५ सेकंदांचा वेग, ब्रेक दाबला होता का, पट्टा लावला होता का हे त्यात राहतं. युरोपियन युनियनमध्ये तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीचा आहे. आवाज किंवा जागा त्यात नसते. एअरबॅग उघडली की ती नोंद पक्की होते. ताईंची उघडली नाही, म्हणजे धक्का पुरेसा असेल तर नोंद झाली असेल पण पुढच्या एखाद्या धक्क्यात ती पुसली जाऊ शकते. गाडी हलवायची तर उचलून न्या. वाचायला वेगळं यंत्र लागतं, गॅरेजच्या साध्या स्कॅनरने होत नाही, आणि स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसायची आमच्या लोकांना भारी हौस, ते आधी थांबवा.

रोखठोक

बल्बची तार, ईडीआर, फ्रेम मोजा... एका डेंटसाठी. पण ते सिग्नलचं चक्र मोजायचं मला पटलं. फुकट आहे आणि १० मिनिटांचं काम.

पारिजात

मान दुखतेय म्हणालात, डॉक्टरांकडे गेलात का? मी वॉर्डात काम करते. पहिल्या दिवशी "काही नाही हो" म्हणणारे तिसऱ्या दिवशी मान वळवता येत नाही म्हणून येतात, हे नेहमीचं आहे. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं असेल तर थांबूच नका. पुराव्याचा भाग असा की डॉक्टरांनी लिहिलेली तारीख अपघाताच्या जितकी जवळ तितकं बरं, तीन आठवड्यांनी गेलात तर मधे काय केलं हा प्रश्न येणारच.

खांद्यावर, छातीवर पट्ट्याचा तिरका वळ उठला असेल तर रोज एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. वळ रंग बदलतो, काही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नीट दिसायला लागतो. तो वळ म्हणजे तुम्ही पट्टा लावला होता याची तुमच्या अंगावरची नोंद. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर धुऊ नका, कोरडे करून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते.

आणि वहीतच रोज दोन ओळी, रात्री झोप लागली का, कुठलं काम जमलं नाही. "खूप दुखलं" यापेक्षा "मागे बघून गाडी काढता आली नाही" हे डॉक्टरलाही जास्त कळतं.

ओलीवाट (बुधवार, रात्री)

कालच डॉक्टरांकडे जाऊन आले, बाकी कुंपणने सांगितल्यामुळे लिहीत नाही :)

चौकातल्या दुकानात गेले होते. मालक भला माणूस, पण म्हणाले आमचं रेकॉर्डिंग सात दिवसांनी आपोआप पुसतं. शुक्रवारचं आज बुधवारी, म्हणजे दोनच दिवस उरले होते! स्क्रीनवर लावून दाखवलं आणि मी मोबाइलने स्क्रीनचाच व्हिडिओ काढायला लागले, तेवढ्यात टिकटिक यांची आठवण झाली, म्हटलं नको, मूळ फाइलच मागू. पेनड्राइव्हवर घेतली. शिवाय मालकांना लेखी पत्र दिलं, अमुक दिवसाचं अमुक वेळेतलं जपून ठेवा, पोलीस किंवा विमा कंपनी मागेल, आणि एका प्रतीवर त्यांची सही घेतली.

एक गंमत, त्यांचं घड्याळ ११ मिनिटं मागे आहे. मी आधी धडकेची वेळ टाकून शोधत बसले, काहीच नाही. मग मालकांनी मागेपुढे केलं तेव्हा सापडली.

टिकटिक

त्या ११ मिनिटांचाही फोटो हवा होता! म्हणजे त्यांची स्क्रीन आणि शेजारी तुमचा मोबाइल, दोन्ही घड्याळं एका फ्रेममध्ये. उद्या पुन्हा जाऊन घ्या. तुमच्या डॅशकॅमचंही तसंच तपासा, बऱ्याच जणांचे कॅमेरे कारखान्यातून आलेली डीफॉल्ट तारीखच दाखवत असतात.

फाइली कुणाला पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकू नका, तिथे त्या दाबल्या जातात आणि वेळ-जागेची आतली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. फोटो क्रॉप, उजळ, काहीही करायचं तर कॉपीवर. आणि जमलं तर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून लिहून ठेवा, एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पार वेगळा येतो, त्यामुळे आज कॉपी केलेली आणि वर्षाने दाखवलेली फाइल एकच आहे हे सांगता येतं. कॉम्प्युटरमध्येच सोय असते, एका ओळीची कमांड आहे, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

जुनीवही

दुकानाचे मालक शुक्रवारी तिथे होते का गं? मग ते फुटेजच्या पलीकडे साक्षीदारही आहेत.

ओलीवाट (गुरुवार, संध्याकाळ)

होते, पण त्यांना फक्त आवाज आला, मग त्यांनी मान वळवली. तसंच लिहून घेतलं, "आवाज ऐकून पाहिलं". दोन्ही घड्याळांचा फोटोही आज घेतला.

आता मुख्य बातमी. सरळरेषा यांनी सांगितलं तसं डॅशकॅमचं फुटेज एकेक फ्रेम पुढे नेत बघितलं. सिग्नल नाहीच दिसत, पण आडव्या रस्त्यावर एक पांढरी व्हॅन आणि तिच्या मागे एक दुचाकी रेषेमागे उभ्या आहेत, दुचाकीवाल्याचा पाय जमिनीवर टेकलेला स्पष्ट दिसतो. मी निघाल्यापासून धडकेपर्यंत तो पाय हललेला नाही. आणि मला धडकलेली गाडी त्या व्हॅनच्या बाजूने पुढे येते. दुकानाच्या कॅमेऱ्यात तीच व्हॅन दुसऱ्या बाजूने दिसते, तिचे ब्रेकचे लाल दिवे लागलेले.

सरळरेषा

वा! व्हॅनचा नंबर दिसतोय का?

ओलीवाट

शेवटचे तीन आकडे. इथे टाकत नाही.

रोखठोक

मान गये. काल मीही माझ्या डॅशकॅमची तारीख बघितली, २०१८ दाखवतोय. कुठे बदलतात ते?

टिकटिक

@रोखठोक, मेन्यूमध्ये सिस्टिम, त्यात वेळ. तिथे बदलूनही टिकत नसेल तर आतली बॅटरी गेलीय.

गिअरबदल

ताई, सर्व्हेअर आला का?

ओलीवाट

उद्या अकराला येतोय. गॅरेजवाले काका रोज विचारतात, मॅडम आता तरी रंगवू का? आणि त्या पोराने बंपरचे दोन स्क्रू एका डबीत घालून वर कागद चिकटवलाय, "हात लावू नये".